उरलेला रस्सा

॥ श्री कानबाई माता प्रसन्न ॥

पिंप्राळा, जळगाव
२१ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. यशोदाअक्का यांना,
धाकट्या जावेचा शि. सा. न. वि. वि.

मी पोचले. साक्रीहून धुळ्यापर्यंत उभ्याने आले, पुढे जागा मिळाली. भाऊंना सांगा, त्यांचा पुतण्या प्रेमराज शुद्धीवर आहे आणि बोलतोय. पण खोलीचं दार उघडून तो समोर उभा राहिला तेव्हा पोटच्या पोराला मी क्षणभर ओळखलं नाही. डावा डोळा पार मिटलेला, वरचे दात गेलेले, कानाची पाळी फाटली तिथे टाके. बरगड्यांवर लाथा बसल्यात, त्यामुळे हसला की कळवळतो. आणि हसतो कशाला, तर मला धीर द्यायला.

झालं ते असं. सोमवारी दिवेलागणीला तो गाडीवर शेव तळत होता. तोंडाला रुमाल बांधलेले चौघे मोटारसायकलींवरून आले. एकानं काही न बोलता लाथ घालून शेगडी उडवली. बाकीच्यांनी त्याला चाकाशी पाडून लोखंडी नळीनं मारलं. आजूबाजूला भेळवाला, पावभाजीवाला, हातात प्लेटा धरलेली गिऱ्हाईकं, सगळे उभे. मोबाईलवर चित्रं काढली म्हणे, पण सोडवायला कोणी आलं नाही. जाताना त्यांनी गाडी उलथी केली आणि मसाल्याचा डबा उचलून नेला. पैशांची पिशवी शेवेच्या पिंपाखाली होती तशीच राहिली.

अक्का, तुम्ही म्हणाल, एवढ्या माराच्या बातमीत ही बाई मसाल्याचं काय घेऊन बसली. पण विचार करा. पैसे सोडून मसाला नेणारा चोर कसला? हा धंद्यातलाच कोणीतरी आहे. प्रेमराजच्या शेवभाजीला रांग लागायची ती आपल्या दोघींच्या काळ्या मसाल्यानं. मोहाच्या बियांच्या तेलात खडा मसाला भाजणारं घर या एवढ्या मोठ्या शहरात दुसरं नाही. ज्यानं डबा नेला तो तो मसाला वापरणारच. आणि वापरला की माझ्या नाकातून सुटणार नाही.

म्हणून मी ठरवलंय, इथल्या सगळ्या गाड्यांवर खायचं. हसू नका. लग्नाच्या पंगतीतसुद्धा घरून पाण्याचा तांब्या नेणारी मी, पण आता खाणार.

पोलिसांना प्रेमराजनं कोणावर संशय नाही असं सांगितलं. मला मात्र मुठी आवळून म्हणाला की आई, नाव तेवढं कळू दे, त्याला उभा चिरतो. मी त्याला गप्प बस म्हटलं नाही. देवीपुढे बसते तर तोंडी स्तोत्राऐवजी शिव्या येतात. तुम्ही माझ्यासाठी देवीला सांगा.

भाऊंना नमस्कार. धाकटीवर आजवर धरलात तसाच जीव धरा.

तुमची,
प्रमिला

—

मळा, साक्री
२८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रमिला हिस,
यशोदाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीवरचं दूध उतू गेलं ते मला कळलंही नाही. ऐकू येत नाही ते एक बरं, नाहीतर भाऊंनी जे तोंड सोडलं ते ऐकावं लागलं असतं. ओठांवरून मला एवढं समजलं की नाव समजू दे, त्याले जित्ता सोडाव नही. मग ओट्यावर बसून कुऱ्हाडीला धार लावत राहिले. आपल्या घरातल्या पुरुषांना दुःख झालं की लोखंड आठवतं.

तू गाड्या-गाड्यांवर खातेस या कल्पनेनं मला हसूच आलं. कांदा दिसला की चातुर्मास आठवणारी बाई! पोटाला जप. जिरं-ओवा जवळ ठेव. आणि माझी शपथ घे, नाव सापडलं तर प्रेमराजला सांगायचं नाही. आधी मला लिहायचं. पोरगं आपलं शे, पण गेलेल्या बापासारखंच तापट. त्याच्या हातात आधी नाव गेलं तर मागून काही हाती लागायचं नाही.

ज्वारी निसवली आहे. तुझ्या वाट्याच्या गाईला मीच पाणी दाखवते, काळजी नको.

तुझी वाट बघणारी,
यशोदा

—

॥ श्री कानबाई माता प्रसन्न ॥

पिंप्राळा, जळगाव
५ डिसेंबर २०२४

ती. सौ. अक्का यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमची शपथ मी डोक्यावर घेतली आहे, आधी तेवढं लिहिते.

चायनीजच्या गाडीवर नूडल्स खाल्ल्या. स्वेटर उसवून तिखटात बुडवल्यासारख्या लागल्या. मोमो म्हणजे आपले नागपंचमीचे दिंडच, पण पुरणाच्या जागी कोबी. देवीला असला नैवेद्य दाखवला तर ती गाव सोडून जाईल. एक मोठा टेंपो आहे, त्याच्या पोटात सगळं स्वयंपाकघर आणि वर रंगीत दिवे. त्याचा मालक रोनक, मारवाड्याचा पोरगा. तो मला म्हणाला की मावशी, तुम्ही प्रत्येक गाडीवर अर्धी प्लेट घेता, आधी वास घेता आणि उरलेलं डब्यात भरता, सरकारी तपासणीवाल्या तर नाही ना? मी म्हटलं, असते तर आधी तुझं काळं तेल रस्त्यावर ओतलं असतं. फार हसला. गरम पाव दिला आणि पैसे घेईना, ते मी फळीवर ठेवून आले.

पण अक्का, हे दिवे लांबूनच छान. खाली दोन वीत जागेसाठी रोज कोणाचं तरी डोकं फुटतं. परवा माझ्यासमोर दाबेलीवाल्यानं वडेवाल्याच्या पाठीवर तापलेला झारा मारला. वडेवाला ओरडला, पाठीला हात लावला आणि त्याच हातानं पुढचं गिऱ्हाईक केलं. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

आता मुख्य. हायवेच्या टोकाला एक नवी गाडी लागली आहे, दिवाळीनंतरची. शेवभाजीची. माणूस उंच, डावखुरा, लोक पंडित म्हणून हाक मारतात, नशिराबादहून येतो. पहिला घास टाळूला लागला आणि मोहाच्या तेलाचा तो कडवट-गोड वास आला. आपल्या ओसरीवर आहे असं वाटलं. बाकावर बसले. मग विचारलं, दादा, मसाला कुठला? म्हणाला की घरचाच आहे, मावशी. पण माझ्याकडे बघून नाही म्हणाला. नजर कढईत. आणि बोटांची सालं निघालेली, जसं कोणाला तरी बुक्क्या मारल्यावर निघतात.

अक्का, तो माझ्याशी गोड बोलला, वर रस्सा वाढून दिला. मी तो घेतला. त्याच हातांनी माझ्या पोराचे दात पाडले असतील असं मनात आलं, तरी मी घास गिळला.

प्रेमराजला सांगितलेलं नाही. तुमचं पत्र येईपर्यंत सांगणार नाही. उरलेला रस्सा डब्यात आणलाय. टाकवत नाही, अन्न आहे.

लवकर लिहा. मन आणि पत्र दोन्ही माझ्याकडे असू द्या.

तुमची,
प्रमिला

—

मळा, साक्री
९ डिसेंबर २०२४

प्रमिला,

आशीर्वाद आहेतच, आधी हे वाच. त्या माणसाला कोणी बोट लावायचं नाही.

नशिराबादचा डावखुरा पंडित म्हणजे बेबाबाईचा जावई, आपल्या भाऊबंदातल्या मोहिनीचा नवरा. तिच्या लग्नाला तुम्ही कोणी गेला नाहीत म्हणून तू त्याला ओळखलं नाहीस. मसाला मी दिला. वैशाखात आखाजीच्या सणाला मोहिनी माहेरी आली होती. मळ्याच्या मागच्या वाटेनं माझ्याकडे आली, गळ्यात पडली. तिची आई टायफॉइडनं पडली होती तेव्हा ती पोर माझ्याच कुशीत झोपायची, तुला माहीत आहे. माझ्या वाट्याच्या मसाल्यातला अर्धा मी पदराखालून तिला दिला. कुणाला सांगू नको म्हणाले. म्हणून त्यानं नजर चुकवली असेल.

बांधाच्या भांडणात दोन्ही घरांच्या कुऱ्हाडी निघाल्या तेव्हापासून भाऊंसमोर बेबाबाईचं नावही घेता येत नाही. मग तुला तरी कसं सांगणार होते? आणि तो चटईच्या कारखान्यात आहे एवढंच मला माहीत. गाडी लावली हे तुझ्याच पत्रातून कळलं.

फोन करावा तर मला ऐकू येत नाही. दुसऱ्याकडून करवावा तर बठ्ठ्या घरादारात बोभाटा. तू थांबते म्हणालीस, त्या शब्दावर हे पत्र टाकते. थांब, माय.

यशोदा

—

पिंप्राळा, जळगाव
१८ डिसेंबर २०२४

ती. सौ. अक्का यांना,
शि. सा. न.

तुमचं पत्र आलं. उशीर तुम्ही केला नाहीत. मी थांबले नाही.

तुम्हाला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आरतीला गेले. परत आले तर प्रेमराज भातावर तो डब्यातला रस्सा घेऊन बसलेला. घास हातातच होता. म्हणाला की आई, हा आपला मसाला आहे, कुठल्या गाडीवरचा? मी म्हटलं, जेव आधी. तो म्हणाला की बोल. अक्का, मी तुमची शपथ विसरले नव्हते. पण त्याचा तो मिटलेला डोळा समोर होता आणि माझ्या मनानं म्हटलं, कळू दे. नाव माझ्या तोंडून गेलं.

उलथणं घेऊन तो मोटारसायकलवर बसला. मी रिक्षा केली, चप्पल घालायचं सुचलं नाही. पोचले तेव्हा पंडित गुडघ्यांवर होता, डोक्यातून रक्त दाढीत उतरत होतं. हात जोडून विचारत होता की दादा, चूक काय ते तरी सांग. प्रेमराज एकच म्हणत होता, डबा कुठंय? मी ओरडले. त्यानं वळून माझ्याकडे बघितलंही. मग पंडितचा डावा हात धरला आणि उकळत्या कढईत दाबला.

माणसाचं कातडं तेलात गेलं की आवाज होतो. भजं सोडल्यावर होतो तसाच. मी आयुष्यभर चुलीपुढे बसले, तो आवाज मला ओळखीचा वाटला, हेच मला सहन होत नाही. मग कढई पंडितच्या एका मांडीवर उलटली. थोडं तेल प्रेमराजच्या पायावरही आलं. तो तसाच मोटारसायकलवर बसून पळाला. तेव्हाही सगळे प्लेटा धरून उभे होते. रोनक तेवढा धावत आला, त्याच्या टेंपोतून आम्ही पंडितला दवाखान्यात नेलं.

मोहिनी नशिराबादहून आली. नाक थेट बेबाबाईचं. लहानपणानंतर तिनं मला पाहिलेलं नव्हतं, त्या धांदलीत ओळखलं नाही. नवऱ्याला आणणारी बाई म्हणून तिनं माझे पाय धरले, मला प्यायला पाणी दिलं. मी हळूच मसाल्याचं विचारलं. तिनं तुमचं नाव घेतलं, थोरल्या काकूंनी दिला म्हणाली. बोटांचंही विचारलं, तर गाडीच्या चाकात सापडली होती. मग मी माझं नाव सांगितलं, प्रेमराजचंही सांगितलं. तिनं हातातला पेला माझ्या तोंडावर मारला. कपाळाला खोक पडली. मी ती शिवून घेतली नाही.

आणि हेही ऐका. प्रेमराजला मारणारे परवा पकडले गेले. दारुडे होते. गाडीमागे प्यायला बसू दिलं नाही म्हणून चिडले होते. डब्यात पैसे असतील समजून नेला, उघडल्यावर मसाला निघाला, तर नाल्यात फेकला. एवढंच.

पोलीस पंडितच्या गाडीजवळच्या सगळ्यांना विचारून आले. कोणी काही पाहिलेलं नाही. पंडित तापात बडबडतो, त्याला प्रेमराजचं नाव माहीत नाही. मोहिनीला माझ्याकडून कळलं, पण तिनं पाहिलेलं नाही. पाहणारी मी. उद्या जबाबाला बोलावलं आहे, आज आजारी आहे म्हणून सांगितलं. प्रेमराजचा फोन बंद आहे. तो कुठे आहे, जेवला का, त्याच्या पायाला कोणी काही लावलं का, हे मनात येतं आणि मग त्या दुसऱ्याचा हात डोळ्यांपुढे येतो.

मला तुमची म्हणावं की नाही, तुम्ही ठरवा.

प्रमिला

—

मळा, साक्री
२६ डिसेंबर २०२४

प्रमिला,

तू माझीच आहेस. त्यात ठरवायचं काही नाही.

प्रेमराज इथे आहे. भाऊंनी त्याला मळ्यातल्या खोलीत ठेवलंय. पायाला मीच कोरफड लावते. भाऊंचा निरोप असा की प्रमिलानं काही पाहिलेलं नाही असं सांगावं, ती आरतीला गेली होती, तिथेच होती. पोराच्या विरुद्ध जबाब दिला तर या घराचा उंबरा तिला बंद. हे त्यांनी पाटीवर खडूनं लिहून मला वाचायला लावलं, म्हणजे मी ऐकू आलं नाही म्हणायला नको.

आता माझं सांगते. प्रेमराजला मी मोहिनीचं सगळं सांगितलं. भाऊंच्या कानावर जाऊ नये म्हणून पाटीवर लिहूनच. त्यानं वाचलं, पाटी पुसली आणि लिहिलं, त्यांच्या माणसांनी भाऊंच्या खांद्यावर कुऱ्हाड घातली होती, फिटलं. मग भाकरी मागितली. मी वाढली. दोन्ही वेळा पोटभर जेवतो, गाढ झोपतो. त्याला झोपलेला बघितला की मला माझ्याच मळ्यात भीती वाटते.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. सांगायची छाती नाही. तो कुठे आहे तेवढं तुला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

यशोदा

—

॥ श्री कानबाई माता प्रसन्न ॥

पिंप्राळा, जळगाव
९ मार्च २०२५

ती. सौ. अक्का यांना,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बेबाबाईच्या पत्त्यावर टाकते आहे. त्या मागच्या वाटेनं तुम्हाला आणून देतील असं त्यांनी कबूल केलंय. तुमच्या दारात माझं अक्षर आलं तर भाऊ ते चुलीत घालतील.

जबाबाला बोलावलं की मी आजाराचं निमित्त सांगत होते, पण तुमचं मागचं पत्र वाचून तशीच पोलीस ठाण्यात गेले. पाहिलेलं सांगितलं. मळ्यातली खोलीही सांगितली. हवालदार माझ्या वयाचा होता, पुन्हा पुन्हा विचारत होता की बाई, आरोपी तुमचा कोण? मी म्हटलं, मुलगा. त्यानं लेखणी खाली ठेवून माझ्यासाठी पाणी मागवलं. तुमच्या अंगणातून त्याला धरून नेलं तेव्हा भाऊंनी तुमच्यावर हात उचलला, हे बेबाबाईंनी कळवलं. तुमच्या त्या गालाची मी देणेकरी आहे. ते फेडता येणार नाही.

पंडितच्या हाताला न भाजलेल्या मांडीचं कातडं लावलं. बोटं एकमेकांना चिकटली आहेत, घास धरता येत नाही. मी रोज दवाखान्यात जाऊन बाहेर बसायचे. मोहिनी माझ्यासमोरून जायची, बघायची नाही. एकदा दारात थांबली आणि नर्सला सांगावं तसं भिंतीकडे तोंड करून म्हणाली की हात ज्यांनी जाळला त्यांनी गाडी चालवावी, माझी पोरं काय खाणार? दुसऱ्या दिवसापासून मी पंडितच्या गाडीवर उभी राहते. ती शेव तळते, मी भाजी करते. मसाला संपला तेव्हा रोनककडून खोबरं-मिरची आणून मी नवा कुटला. मोहाचं तेल नव्हतं, साध्या तेलात केला. गिऱ्हाईक तरी येतं. पण इतके दिवस एका कढईपाशी उभं राहून ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मीठ हवं असलं तर बोट दाखवायची.

शिवरात्रीनंतर प्रेमराज जामिनावर सुटला. परवा भर गर्दीत गाडीवर आला. दाढी वाढलेली, पाय ओढत. आधी प्लेट मागितली. मी दिली. अक्का, आईच आहे मी, शेव जरा जास्त घातली. त्यानं उभ्यानं सगळं खाल्लं. मग प्लेट माझ्या अंगावर फेकली आणि म्हणाला की आईनं विकलेला मुलगा पाहिलाय का कोणी? लोक थांबून बघायला लागले. मी म्हटलं, घरी चल, बोलू. तेवढ्यात त्यानं माझा अंबाडा धरला. तोंड कढईकडे वाकवलं. गरम वाफ डोळ्यांत गेली आणि मी डोळे मिटले. देवीचं नाव आठवलं नाही, काहीच आठवलं नाही. कानात फक्त तेलाचा आवाज.

आणि मग दुसरा आवाज झाला. मोहिनीनं तापलेला झारा त्याच्या मनगटावर मारला होता. तो किंचाळून मागे पडला. ती त्याच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली, झारा तसाच हातात, तेल टपकतंय, आणि मागे न बघता मला म्हणाली की काकू, मागे व्हा, तुम्हाला लागेल.

प्रेमराजनं तिच्याविरुद्ध तक्रार दिली. तोच हवालदार आला. पुन्हा सगळ्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलं होतं, तसं सांगितलं: आधी माझ्या मुलानं माझे केस धरले, मग तिनं मारलं. तो म्हणाला की बाई, या वेळी तर विचारतही नाही आरोपी कोण. लिहून घेतलं आणि गेला.

पोराच्या मनगटावरचा डाग मी बघितला, अक्का. त्यावर ओतायला त्याला कोणी पाणी दिलं नाही. मी तांब्या घेऊन गेले तर तो तांब्याला लाथ मारून गेला. तो वळून बघेल म्हणून मी रस्त्याच्या कडेला उभी होते. वाट पाहून पाहून पाय भरून आले. मागून मोहिनीनं हाक मारली की काकू, गिऱ्हाईक खोळंबलंय. मी जाऊन कढईपाशी उभी राहिले.

गाल अजून दुखत असेल तर हळद लावत जा. माझ्यावरचा राग असेल तर तोही बेबाबाईंच्या हाती पाठवा, मी ठेवून घेईन.

तुमची,
प्रमिला